चार चुका

धामणकर नाका, भिवंडी
शनिवार, ५ जानेवारी २००८

सौ. रीमा हिस,

आशीर्वाद लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. ऋतिकाला पूर्ण, तुला अर्धे. मी रागावलेली आहे आणि सासू झाले म्हणून तोंडावर साखर पेरायची मला सवय नाही.

फोन केला की तू "हं" म्हणतेस, "बरी आहे ती" म्हणतेस आणि ठेवून देतेस. म्हणून हे पत्र. तू ते मध्येच टाकलंस तरी निदान मला कळणार नाही. हितेश उद्या वज्रेश्वरीच्या एस.टी.ने तुमच्याकडे येतोय, त्याच्याच हाती देते.

पोरीचा श्वास कोंडला त्याला आज बारा दिवस झाले. पोरीला इस्पितळातून तिसऱ्या दिवशी सोडलं, तर घरी यायचं सोडून तू परस्पर माहेर गाठलंस. तुमची रिक्षा दारावरूनच गेली. मी गॅलरीत भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते, नात दोन महिन्यांच्या खोकल्यातून उठून येणार, तिच्यावरून ओवाळून टाकायला. शेवटी तो तुकडा मी तसाच आत घेऊन गेले. गल्लीतल्या बायका विचारतात तेव्हा हवापालटाला गेलीय म्हणून सांगते.

हितेशला तू म्हणालीस, "आईंच्या वाफाऱ्याने पोर गुदमरली." वाफाऱ्याने कोणी गुदमरतं का? ओवा घातलेलं उकळतं पाणी, दार लावून, अर्धा तास. माझ्या सासूने हितेशला दिला, तिच्या सासूने तिच्या पोरांना दिला. दिवाळीपासून मी रोज संध्याकाळी गुडघे मोडून त्या पातेल्यापाशी बसले ती काय हौस म्हणून? तू शिवणक्लास घेऊन सहाला येणार, तोवर पोर माझ्याच मांडीवर असायची.

आणि खिडकीचं म्हणशील, तर लाकूड आहे ते. ओल धरलं की फुगतं, फुगलं की अडकतं. आदल्या दिवशी तू मला म्हणालीस, "आई, खिडकी उघडत नाही हो," तेव्हाही मी हेच सांगितलं. "लाकूड हाय गो, फुगलं आसंल." त्यात कोणाचा दोष नाही. हे तुझ्या आईवडिलांनाही नीट समजावून सांग, नाहीतर रंगूबाई विहीणबाई भलतंच काहीतरी धरून बसतील.

ऋतिकाची निळी बाहुली इथेच राहिली आहे. पाठवत नाही. तिला हवी असेल तर तिनेच येऊन न्यावी.

कमळा


भिवंडी
शनिवार, १९ जानेवारी २००८

रीमा,

तुझी चिठ्ठी मिळाली. चिठ्ठीच म्हणायची, पाच ओळींना पत्र कोण म्हणेल? त्यातल्या चार ओळी डॉक्टरच्या. पोरीच्या छातीला बुरशी बाधते, घरात ओल आहे का बघा, भिंतीवर, खिडकीवर काळे डाग आहेत का बघा, ते असेपर्यंत तिला तिथे ठेवू नका.

तीस वर्षं मी हे घर चालवतेय. खाली शेडमध्ये कापडाचे आठ लूम, वर आम्ही. हितेशचे वडील गेले तेव्हा लोकांना वाटलं, ही बाई आता शेड विकून वळ गावी, माहेरी जाईल. गेले नाही. खालचा खडखडाट आणि वरची फरशी, दोन्ही मी चालू ठेवलं. माझ्या फरशीवर सांडलेलं दूध पुसून प्यावं. आणि तो डॉक्टर, ज्याने माझा उंबरासुद्धा पाहिलेला नाही, तो मला बुरशी शिकवणार!

तरी मी बघितलं. तुमच्या खोलीच्या खिडकीला खाली, काचेच्या कडेने, काळं आहे खरं. ती काजळी. नाक्यावर दिवसभर ट्रक उभे असतात, त्यांचा धूर. रॉकेलच्या फडक्याने पुसलं आणि साफ निघालं. चौथ्या दिवशी पुन्हा आलं. पुन्हा पुसलं.

तुझे वडील तिळगूळ घेऊन येणार असा मंगळवारी फोन आला. मी काही लपवलं नाही, पण पाहुणा येणार म्हटल्यावर घर कोणी तसंच ठेवत नाही. शेडमध्ये उरलेला ऑइलपेंट होता, तो चौकटीला आणि बाजूच्या भिंतीला स्वतः मारला. दामूभाऊ आले, चहा घेतला, "पोरगी राहते ती खोली दाखवा" म्हणाले. आत जाऊन उभे राहिले. माणूस तुला ठाऊक आहेच, दहा शब्द बोलायला दिवस लावतो. नाक वर करून वास घेतला, मग ओल्या पेंटवर बोट ठेवलं.

"कमळाताई," म्हणाले, "ह्यो वास आमच्या कणगीला येतो, भात भिजला की. तो भात आमी ढोरांनाबी घालीत न्हाय."

मी म्हटलं, "पेंटचा वास हाय तो."

"आसंल," म्हणाले, आणि बोट धोतराला पुसलं.

माझ्या घरात उभं राहून माझ्या तोंडावर! मला इतका राग आला की जाताना त्यांना पाण्याचंही विचारलं नाही. ते चुकलं. त्यांना सांग, चहा दिला होता ना, त्यात पाणी आलं.

ऋतिकाचं बोरन्हाण रथसप्तमीच्या आत व्हायला हवं. काळं झबलं मी शिवून घेतलंय, हलव्याचे दागिने करायला टाकलेत. यंदा तिचं शेवटचं, पुढल्या वर्षी ती मोठी होते. तू मला काय वाटेल ते म्हण, पण नातीच्या डोक्यावर बोरं ओतायचा हक्क माझा आहे आणि तो मी सोडणार नाही.

कमळा


भिवंडी
शनिवार, २ फेब्रुवारी २००८

प्रिय रीमा,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितेय. पहिली दोन फाडली, त्यांत मी भांडत होते.

पेंट चार दिवसांत फुगला. त्याला फोड आले, फोड फुटले आणि आतून काळं बाहेर आलं, आधी होतं त्याच्या दुप्पट. तरी मला तुला खोटं पाडायचंच होतं. म्हणून मी माझं अंथरूण तुमच्या खोलीत टाकलं, हितेशला माझ्या खोलीत पाठवलं. ऋतिकाला द्यायचे तसा रोज संध्याकाळी वाफारा, दार बंद, खिडकी बंद. हितेश म्हणाला, "आई, कसली जिद्द ही?" मी म्हटलं, "मला काय व्हतंय ते बघ तू."

सकाळी उठले तर काचेवरून पाणी ओघळत होतं. ते काही नवीन नव्हतं. हिवाळ्यात ते रोज असायचं आणि मी समजायचे की बाहेरचं दव फटीतून आत येतं. म्हणून तर मी फटी चिंध्यांनी बुजवत होते, आठवतं ना? तू काढायचीस आणि मी कोंबायचे. या वेळी आणखी घट्ट कोंबल्या. दुसऱ्या दिवशी पाणी आणखी जास्त. तेव्हा गॅलरीत जाऊन बाहेरून काचेला हात लावला. थंडगार होती, पण कोरडी. पाणी सगळं आतच होतं. माझ्या पातेल्यातलं. बाहेर जायला वाट नाही म्हणून रोज त्या गार काचेवर बसायचं, खाली चौकटीत मुरायचं, आणि त्यावर ते काळं पोसायचं.

पाचव्या दिवशी घसा धरला. सहाव्या दिवशी खोकला. शेडमधून वर येताना जिन्यात तीनदा थांबले. खालचा कारीगर म्हणाला, "अम्मा, आप की भी सांस फूल रही है, बच्ची जैसी." तो सहज बोलला. मी तिथेच पायरीवर बसले.

मी एकसष्ट वर्षांची बाई सहा दिवसांत अशी झाले. ती चार वर्षांची, दोन महिने तिथे होती.

मी असं का केलं ते सांगते. खाली शेडमध्ये हिवाळा आला की आपण खिडक्या लावून घेतो, जमिनीवर पाणी मारतो. कोरडा वारा लागला की सूत ठिसूळ होतं आणि मागावरचा उभा ताणा तुटतो. तुझ्या सासऱ्यांनी मला लग्नानंतर पहिलं काही शिकवलं असेल तर हे. एक खिडकी उघडी राहिली की कारीगर वरडतात, "खिडकी बंद करो, धागा टूट रहा है." तीस वर्षं हेच कानावर. पोर खोकायला लागली तेव्हा माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. वारा लागू द्यायचा नाही, ओल ठेवायची, म्हणजे तुटणार नाही. मी तिला सुतासारखं सांभाळलं. असली अक्कल भिवंडीबाहेर कुठे मिळायची नाही.

दुसरंही आहे. कुणालचा फोटो तू पाहिलायस, त्याच्याबद्दल कधी विचारलं नाहीस. हितेशच्या पाठचा, दीड वर्षाचा. वळ गावी माझ्या माहेरी होतो, पौष महिना होता. चुलीचा धूर कोंडला म्हणून मी खिडकी उघडी ठेवून निजले. सकाळी त्याची छाती भरली होती आणि चौथ्या दिवशी तो गेला. खिडकीमुळे गेला असं कोणी म्हणालं नाही. मीच म्हणाले, आणि आजवर म्हणते. तू खिडकी उघडलीस की माझ्या तोंडातून यायचं, "उघड्यावर वाढलेली तू, तुला काय कळणार!" हे मी तुला दोनदा बोलले. शेजारीण बसलेली असतानाही बोलले.

रीमा, माझ्या हातून चुका झाल्या. मला माफ कर, हे मी आयुष्यात कोणाला लिहिलेलं नाही.

आता खोलीचं सांगते. भिंतीचा गिलावा हातभर उंचीपर्यंत खरवडून काढला, तोंडाला ओढणी बांधून. खरवड आणि फडकी, सगळं जाळलं. सोड्याच्या पाण्याने चौकट तीनदा धुतली आणि उन्हात वाळू दिली. नवा चुना मारला, पेंट नाही. गाद्या पाच दिवस गच्चीवर आहेत. पातेलं दुसऱ्या घरी देऊन टाकलं. अनंता सुताराला बोलावून खिडकीला रंधा मारून घेतला, आता एका बोटाने उघडते. दिवसभर उघडी असते, निजतानाही वीतभर. गेले तीन दिवस सकाळी काच कोरडी आहे. मी रोज हात लावून बघते.

तुम्ही या. आता मी हक्काने म्हणत नाही.

आई


भिवंडी
शुक्रवार, ८ फेब्रुवारी २००८

प्रिय रीमा,

हितेशने रविवारी आणलेलं तुझं पत्र पाच दिवस माझ्या उशाखाली आहे. एवढं मोठं पत्र मला कोणी लिहिलं नव्हतं. तू येत्या रविवारी येतेयस, ऋतिकाचं बोरन्हाण इथेच करायचं म्हणतेयस, विहीणबाई आणि तुझा भाऊ भूपेशही येणार. वाचून मी खाली जाऊन कारीगरांना पेढे वाटले. गल्लीत सगळ्यांना आमंत्रणं करून आले. बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, सगळं आणून ठेवलंय.

पण तुझ्या पत्राचं शेवटचं पान मी पहिल्या दिवशी नीट वाचलंच नव्हतं. सोमवारी वाचलं. तेव्हापासून जेवण गोड लागत नाही.

तू लिहिलंयस, "आई, तुम्ही तुमच्या चुका कबूल केल्यात, मग मीही माझी सांगते. त्या संध्याकाळी मी आल्या आल्या ऋतिकाला उचलून न्यायला हवं होतं. मी खिडकीपाशी वेळ घालवला. वाटलं, आधी हवा येऊ दे. दोन्ही हातांनी ओढत राहिले, नखं तुटली, तरी उघडेना. मागे वळले तर तिचे ओठ निळे पडले होते. मी भाताचे भारे उचलून वाढले, आणि माझ्या हाताने एक खिडकी उघडली नाही. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर काही सांगता आलं नसतं. रोज सकाळी उठले की मी माझे हात बघते."

हे वाचल्यावर गप्प बसणं सोपं होतं. मी मंगळवारी गप्प बसायचं ठरवलंही. तू येतेयस, पोर येतेय, खोली कोरडी आहे, आता जुनं उकरून कोणाचं भलं होणार? बुधवारी पुन्हा तेच ठरवलं. काल तुमच्या खोलीत गेले, त्या खिडकीपुढे उभी राहिले, आणि तू तिथे कशी ओढत असशील ते मला दिसायला लागलं.

आता लिहिते. एका दमात लिहिते, नाहीतर लिहिणार नाही.

ती खिडकी फुगून अडकली नव्हती. थोडी फुगली होती, पण उघडत होती. तू रोज उघडत होतीस आणि मी रोज लावत होते. सोमवारी ते झालं, त्याच्या आधीच्या शनिवारी तू क्लासला गेलीस तेव्हा मी शेडमधून हातोडी आणली. लूमच्या दांड्याला चामड्याची पट्टी ठोकायला आपण बारीक खिळे वापरतो ना, चुका म्हणतो त्या. दीड इंची, बिनडोक्याच्या. त्यातल्या चार त्या खिडकीच्या खालच्या पट्टीतून तिरक्या, चौकटीत ठोकल्या. दिसू नयेत म्हणून वरून मेणबत्ती घासली. ऋतिका पलंगावर बसून बघत होती. "आजी, काय करतेस?" म्हणाली. मी म्हटलं, "खिडकीला औषध देते."

रविवारी तू म्हणालीस खिडकी उघडत नाही, तेव्हा मी भाजी निवडत होते. मान वर न करता सांगितलं, लाकूड फुगलं असेल. सोमवारी तू तिला घेऊन जिना उतरलीस तेव्हा मी मागे धावले, पण आधी वळून त्या खिडकीकडे बघितलं. पोरीचं काय होईल याच्याही आधी माझ्या मनात आलं की आता हे कोणाला कळेल का.

हितेशने त्यानंतर अनंताला शेडच्या दारात उभं करून झापलं, "असली कसली खिडकी केलीस? माझी पोर मेली असती." अनंता खाली बघून ऐकत होता. मी शेजारी उभी होते, काही बोलले नाही. मग मीच त्याला रंधा मारायला बोलावलं तेव्हा त्याचं पातं खडकन लागलं. त्याने मेण नखाने काढून बघितलं, पकडीने एक एक करून चारही उपसल्या आणि माझ्यापुढे तळहातावर धरल्या.

"काकी," म्हणाला, "ह्या चुका माज्या न्हाईत."

मी म्हटलं, "माज्या हाईत."

"हितेशशेटना सांगू?"

मी नको म्हटलं. त्याने भोकं पुट्टीने भरली आणि गेला. तो कोणाला बोलणार नाही, तसला माणूस नाही तो. म्हणजे मी बोलले नसते तर हे कोणालाच कळलं नसतं. मागच्या पत्रात मी लिहिलं की माझ्या हातून चुका झाल्या, आणि ते वाचून तू विरघळलीस. त्यात वाफारा लिहिला, चिंध्या लिहिल्या, कुणाललाही पुढे केलं. या चार तेवढ्या वगळल्या. आणि तुझी माफी घेऊन पेढे वाटले.

आज सकाळी अनंताच्या घरी जाऊन त्याचे पाय धरले. त्याची बायको घाबरून गेली. हितेशला अजून सांगितलेलं नाही. हे पत्र पाकिटात न घालता त्याच्या हाती देते आणि त्याला "आधी तू वाच" म्हणून सांगते. तो वाचून इथे राहील की त्याच गाडीने तुमच्याकडेच राहायला जाईल, मला माहीत नाही. गेला तर मी अडवणार नाही.

रविवारी यायचं तू हे माहीत नसताना ठरवलंस. आता पुन्हा ठरव. नाही आलीस तर बोरन्हाण तिकडे कर, झबलं आणि दागिने हितेशबरोबर देतेय. विहीणबाईंच्या हातून बोरं पडली तरी पोरीला तेवढीच लाभतील. ऋतिकाला माझ्याबद्दल काय सांगायचं ते तू ठरव. खरं सांगितलंस तरी चालेल.

एवढं मात्र माझ्यासाठी कर. सकाळी उठून हात बघणं सोड. बळ कमी नव्हतं त्यांत. तुझ्या जागी भूपेश असता तरी ती खिडकी त्याला उघडली नसती.

कमळा